तिठ्यावरचा उंबरठा

गावाबाहेर तिठ्यावर एक जुना दगडी क्रूस होता. दीडशे वर्षांपूर्वी पुराने गाव धुऊन नेलं, तेव्हा नवा दगड आणायची कुणाची ऐपत नव्हती. लोकांनी पडक्या पुलाचा खांब उभा केला, पायाला पाणचक्कीचं जातं घातलं आणि वाहून गेलेल्या शाळेचा उंबरठा आडवा बसवला. मुलांच्या पायांनी झिजून त्याला मधोमध खळगा पडलेला.

क्रूस कलला म्हणून गावच्या समितीने मिस्त्रीला बोलावलं. त्याने आणि त्याच्या थोरल्या बहिणीने दगड सुटे केले, खुणा घालून समितीच्या अध्यक्षांच्या गोदामात ठेवले. पाया पक्का झाल्यावर दगड न्यायला गेले, तर उंबरठा गायब.

"सिमेंटचा ओत," अध्यक्ष म्हणाले. "लांबून कुणाला कळतंय?"

बहीण चुन्यासाठी पाणी आणायला गोदामामागे गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. कामगारांच्या मुतारीत उंबरठा पालथाही न घालता टाकला होता. खळग्यात पिवळं पाणी साचलेलं, त्यात विडीची थोटकं, थुंकीचे बेडके, घोंघावणाऱ्या माश्या. मिस्त्री भिंतीला धरून ओकला.

"चिखल होता तिथे," मागून आलेले अध्यक्ष म्हणाले. "उभं राहायला काहीतरी हवंच ना. आणि तुमचा क्रूस तरी काय, सगळी भंगाराचीच जुळवाजुळव."

"मग तुमच्या घरचा उंबरठा घालायचा होता," बहीण म्हणाली.

नाकाला फडकं बांधून दोघांनी पहारीने दगड उचकटला. तीन दिवस वाळूने घासला. वास गेला, पण खळग्यातला पिवळा डाग हटेना. हाताला अजून वास येतोय असं वाटून मिस्त्री जेवताना दोनदा उठला.

क्रूस उभा राहिला त्या सकाळी अध्यक्षांनी भाषण केलं. पूर्वजांचा हा ठेवा आपण जिवापाड जपला, म्हणाले. टाळ्या पडल्या. मग फोटोसाठी त्यांनी मिस्त्रीपुढे हात केला. मिस्त्रीने आपले हात खिशातून काढले नाहीत.

"साहेब," बहीण शांतपणे म्हणाली, "तो डाग कुठून आला, तेही सांगा की लोकांना."

अध्यक्ष हसले. कुणीतरी विचारलं, कसला डाग? मग तिने सगळं सांगितलं, मुतारीसकट. अध्यक्षांची बायको उठून घरी निघून गेली.

समितीने पुढचं काम दुसऱ्या मिस्त्रीला दिलं.