आधी तपासू, मग भांडू

"उष्णता झालीय, शिस्टर. तीन आठवडं सब्जा पितोय, गुलकंद खातोय, पर ह्ये काय जाईना," शिवऱ्याच्या सोमनाथने खालचा ओठ पुढे काढून दाखवला.

ओठावर वाटाण्याएवढा फोड होता. भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो बघितला, रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट येताच सोमनाथला रत्ना सिस्टरांच्या खोलीत पाठवलं. समजावून सांगायचं काम त्यांचं.

"दुखतंय?"

"अजाबात न्हाई."

"ही उष्णता न्हवं. गरमीचा आजार हाय. डॉक्टर सिफिलिस म्हंत्यात त्याला. बाहेर कुणाशी संबंध आला व्हता?"

टेम्पो चालवणारा तो धिप्पाड माणूस खुर्चीत आक्रसला. "तसलं काय न्हाई केलं. म्हंजे... बाहेरगावी माल घेऊन गेल्तो तवा, दोनदा. पर नुसतं तोंडानं. त्यानं कुठं काय व्हतंय?"

"त्यानंच झालंय."

सव्वीस वर्षांपूर्वी रत्ना सिस्टरांना हे बोलता आलं नव्हतं. वेल्ह्याला नव्या नोकरीवर असताना म्हादू नावाचा मेंढपाळ असाच आला होता. लाजून त्या नुसतं "पथ्य पाळा" म्हणाल्या. त्याने इमानेइतबारे मिरची आणि वांगं सोडलं, पुन्हा काही दवाखान्यात आला नाही. तीन महिन्यांनी बायकोला, बयाबाईला, घेऊन आला. तिचं पोट पडलं होतं. तेव्हापासून रत्ना सिस्टरांनी एकही शब्द गिळला नाही. सासूबाईंना मात्र त्यांच्या या कामाची लाज वाटायची; त्या शेवटपर्यंत आपल्या गावात, उत्रोलीत, सांगत राहिल्या, आमची सून ताप मोजती.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "तोंडानं केलं तरी गरमी लागती, परमा, म्हंजे गनोरिया, घशात बसतो, हर्पीसचं फोड येत्यात. एचआयव्हीचा धोका लई कमी, पर न्हाईच असं न्हाई. तुमची ती तपासणी चांगली आलीय. कैकदा घशात बसलेलं वर दिसत बी न्हाई. म्हून निरोध तोंडाच्या वक्ताला बी वापरायचा. बाईच्या अंगाला तोंड लावायचं तर निरोध उभा कापून मधी धरायचा. तोंडात नायतर खाली फोड, जखम दिसली तर लांब ऱ्हायाचं."

"तोंडाला बी निरोध?" सोमनाथ हसला, मग खुर्चीत पुढे सरकला. "शिस्टर, धनश्रीला पाचवा महिना हाय."

"मग तिला उद्याच घेऊन या. हा फोड आपसूक जाईल, पर आजार रक्तात ऱ्हातो. पोटातल्या लेकराला पोचतो. वेळेत इंजेक्शन दिलं तर लेकरू वाचतं."

"काय सांगू तिला?"

"खरं."

सोमनाथ इंजेक्शन टोचून घेऊन गेला. दुसरा दिवस गेला, तिसराही गेला. रत्ना सिस्टर दारात चप्पल वाजली की मान वर करायच्या. गावातल्या आशाताईला निरोप धाडावा, तर बोभाटा व्हायचा.

चौथ्या दिवशी धनश्री आली. पुढे ती, चार पावलं मागे सोमनाथ.

"ह्यांनी सांगितलं मला, ताई," ती म्हणाली. "दोन दिस बोलले न्हाई मी. मग म्हटलं, आधी तपासू, मग भांडू."

"बराबर केलंत."

"भांडणार हाय पर."

"भांडा की," रत्ना सिस्टर हसल्या. "निवांत भांडा."

तिच्या रक्तात काही सापडलं नाही. तरी लागण अजून दिसत नसेल म्हणून डॉक्टरांनी तिलाही इंजेक्शन लिहिलं. सोमनाथला त्यांनी पुन्हा तपासलं. फोड सुकत चालला होता, पण कधीकधी रोग लपून राहतो म्हणून काही दिसलं तर लगेच यायचं आणि तीन महिन्यांनी दोघांनी रक्त तपासायचं ठरलं. सध्या जवळीक नाही, ओठाला ओठसुद्धा नाही.

"तीन म्हैने?" सोमनाथच्या तोंडून निसटलं.

"न्हाई वो, फोड पार बरा होऊस्तवर, आणि डॉक्टर हो म्हणूस्तवर," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्या पुढं निरोध."

"म्या तर वर्सभर म्हंते," धनश्री म्हणाली आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली. मग पोटावर हात ठेवून तिने हळूच विचारलं, "ह्याला काय व्हनार न्हाई ना?"

"वेळेत आलात. पोरगं ठणठणीत व्हईल."

इंजेक्शननंतर अर्धा तास थांबायचं होतं. ते कमरेखाली चांगलंच झोंबतं; सोमनाथचं तर चौथ्या दिवशीही ठणकत होतं. रत्ना सिस्टर बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यातलं बाकडं मोकळंच होतं आणि नवराबायको भिंतीला टेकून उभी होती.

"बसा की," त्या म्हणाल्या.

"नको!" दोघं एकदमच म्हणाली.

धनश्रीने नवऱ्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि हातातली औषधांची पिशवी त्याच्या हातात दिली.