बत्तीस बिटांतला पत्ता

डॉक्टर त्सेंग पो-हेंग यांना स्वतःच्या थोरवीबद्दल कधी शंका आली असलीच, तर ती त्यांनी आमच्यापासून फार शिताफीने लपवली. तैवानातल्या आमच्या शिन्चूच्या वाऱ्यात छत्र्या उलट्या होतात, उभ्या स्कूटर आडव्या होतात. डॉक्टरांची मान मात्र कधी हलली नाही. आमचे साहेब, अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेले, आणि बोलताना डोळे मिटून घेणारे. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. ज्ञान देवाने एकट्यालाच दिलं असलं की ऐकणाऱ्यांकडे बघायचं कशाला!

आमच्या कंपनीची स्वतःची चिप, आणि त्या चिपसाठी आमचा कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा आज्ञांत उतरवायचा, आणि कुठे चुकलं असेल तर अमुक ओळ, ओळीतलं अमुक अक्षर, असं बोट ठेवून सांगायचं, हे त्याचं काम. बोट ठेवायचं म्हणजे प्रोग्रामातल्या प्रत्येक शब्दाला त्याचा पत्ता चिकटवून ठेवावा लागतो. शब्द असतात लाखोंनी. पत्ता ऐसपैस लिहिला तर शब्दापेक्षा पत्ताच जड होतो आणि मेमरी नुसत्या पत्त्यांनी भरून जाते. तेव्हा तो आखडून बत्तीस बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या बत्तीस घरांत, बसवायचा, इथवर कुणाचंच दुमत नव्हतं.

कसा बसवायचा, ते को श्यू-लिएनने सुचवलं होतं. ती आमच्यात थोरली, म्हणून सगळे तिला लिएन-जे म्हणत. ताईला आमच्याकडे जे. चिपमध्ये झटपट हाताशी येणाऱ्या जागा मोजक्याच असतात. कुठला आकडा त्यांतल्या कुठल्या जागेत बसवायचा, हे ठरवणारा कंपायलरचा भाग तिने एकटीने वाढवलेला. लेकरासारखा.

"ओळ नको आणि अक्षरही नको," ती बैठकीत म्हणाली. "सगळ्या फाइली एकापुढे एक अंथरल्यात असं समजा. एकच लांब रस्ता. शब्दाला फक्त एक आकडा द्यायचा, रस्ता सुरू झाल्यापासून तो किती अक्षरं पुढे आहे एवढाच. फाइल कुठली, ओळ कुठली, ते चूक सापडली की शोधायचं. हायवेवर गाडी बंद पडली तर आपण किलोमीटरचाच दगड सांगतो ना? गाव कुठलं ते मदतीला येणारा बघून घेतो."

डॉक्टर हसले. त्यांचं हसणं म्हणजे नाकातून सुटलेली वाफ.

"श्यू-लिएन, पत्ता विचारला की तिथल्या तिथे सांगता आला पाहिजे. तुमचा माणूस नकाशा उलगडत बसणार का?"

"चुका काही क्षणाक्षणाला सापडत नाहीत, डॉक्टर. आणि सापडली तर शोधायला पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही."

"बावीस बिटं ओळीला, दहा अक्षराला." डॉक्टरांनी फळ्यावर लिहूनच टाकलं. "सुटसुटीत."

"दहा बिटांत हजारभर अक्षरं मावतात. ओळ त्याहून लांब निघाली तर?"

"शिष्ट माणूस एवढी लांब ओळ लिहीत नाही."

झालं. गणित शिष्टाचारावर सुटलं. मग डॉक्टरांनी तैपेईत त्यावर व्याख्यान दिलं, ताइनानला दिलं, आणि आमच्याच मजल्यावर पुन्हा एकदा दिलं. आम्ही विसरलो असलो तर, म्हणून. पडद्यावर पहिलं चित्र डॉक्टरांचंच. पत्ता आपला दुसऱ्या चित्रात.

आमच्याकडे एक रीत होती, अजूनही आहे. आमचा कंपायलर रोज सकाळी स्वतःलाच कंपाइल करतो. त्यात कुठल्या ओळीवर तक्रार निघाली, की ती ओळ शेवटची कुणी लिहिली ते यंत्र आपलं आपण शोधतं आणि त्याचं नाव जेवणाच्या खोलीतल्या पडद्यावर लावतं. लोक मांसाच्या गोळ्यांचं सूप भुरकत भुरकत नाव वाचतात. वसंतातल्या सणाच्या सुट्टीनंतर तिथे एकच नाव दिसू लागलं.

"लिएन-जे, आजही तूच!" समोर बसणारा च्यू ओरडायचा. "तुझा फोटोच चिकटवून टाकू का? यंत्राचे रोज नाव लिहायचे कष्ट वाचतील."

"तू सूप पी. गोळा घशात अडकेल."

ती हसून बोलायची, पण तिचं सूप तसंच गार व्हायचं. तक्रार एकच होती: आकडा जागेत मावत नाही. आणि बोट होतं तिने तीनशे तेहेतिसाव्या ओळीत लिहिलेल्या एका टीपेवर. टीप म्हणजे माणसांनी माणसांसाठी लिहिलेला मजकूर. कंपायलर ती ओलांडून पुढे जातो.

"डॉक्टर, तिथे आकडाच नाहीये. नुसती टीप आहे."

"म्हणजे आकडा तुम्हाला दिसत नाहीये. पत्त्याचं काम मी केलंय, ते चुकत नाही. आसपास बघा."

तिने आसपास बघितलं. धडधाकट चालणारा भाग उसवला, पुन्हा शिवला. तक्रार जागची हलेना. मी तिच्या शेजारी बसायचे. देवळात नवस बोलून आल्यासारखी ती सकाळी पडद्याकडे बघायची, आणि नाव दिसलं की खुर्ची पुढे ओढून पुन्हा कामाला लागायची.

शेवटी डॉक्टरांनी ठरवलं, की श्यू-लिएन थकल्या आहेत. तिचा भाग च्यूकडे द्यायचा आणि तिला समोरच्या इमारतीत, ग्राहकांसाठी माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांत बसवायचं. विभागप्रमुख फांगबाईंसमोर बैठक ठेवली. बाई हो म्हणाल्या की लिएन-जेचं लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर.

"हा कमीपणा नाही," डॉक्टर डोळे मिटून सांगू लागले. "प्रत्येकाचा एक काळ असतो. बारकाईची सवय सुटते."

"फांगबाई," लिएन-जे म्हणाली, "जायच्या आधी एक गोष्ट सगळ्यांसमोर करून दाखवू? माझा भाग मी पुसून टाकते."

"पुसून?" च्यू खुर्चीतून उठलाच. "जे, अगं तो मला मिळणार आहे!"

"प्रत पुसतेय, घाबरू नकोस."

तिने फाइल पडद्यावर घेतली. तिच्या भागाची पहिली ओळ पकडली आणि तिथपासून तळापर्यंत सगळं काढून टाकलं. उरल्या वरच्या चाळीसेक ओळी. मग तिने कंपायलर चालवला.

तक्रार आली. आकडा जागेत मावत नाही. ओळ तीनशे तेहेतीस.

च्यू पडद्याजवळ गेला. म्हणाला, "फाइल चाळीस ओळींची आहे ना?"

"हो."

"मग तीनशे तेहेतिसावी ओळ कुठे आहे?"

"डॉक्टरांना विचार. पत्ता त्यांचा आहे."

डॉक्टरांचे डोळे उघडले. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, पण ते डोळे असे टक्क उघडे तेव्हाच बघितले. "यंत्रात काहीतरी... जुनी प्रत राहिली असेल."

लिएन-जेने वरच्या भागातली शेवटची ओळ निवडली. ती आडवी सरकवायला लागली, तर सरकतच राहिली. आकडे, स्वल्पविराम, आकडे, स्वल्पविराम. चिपच्या आज्ञांचा अख्खा तक्ता एका ओळीत, लाखो अक्षरांचा. "अक्षराचा आकडा दहा बिटांत मावला नाही, की उरलेलं ओझं शेजारी ओळीच्या आकड्यात सांडतं," ती म्हणाली. "दर हजार अक्षरांना बोट एक ओळ खाली घसरतं. चूक या तक्त्यात आहे. बोट घसरत घसरत माझ्या दारात येऊन थांबतं."

तिने तो तक्ता फोडून छोट्या छोट्या ओळींवर मांडला आणि पुन्हा चालवला. या वेळी बोट नेमकं पडलं: तक्त्यातल्या एका आकड्याला कुणीतरी एक शून्य जास्त दिलं होतं.

"एवढी लांब ओळ लिहिली कुणी?" फांगबाईंनी विचारलं.

"माणसाने नाही लिहिलेली," डॉक्टर म्हणाले. "तक्ता एक छोटा प्रोग्राम तयार करतो आणि फाइलीत चिकटवतो."

"आणि तो प्रोग्राम?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता. "तसं बघितलं तर... मी."

हसू दाबायला च्यूने तोंडावर हात धरला. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. शिष्ट माणूस एवढी लांब ओळ लिहीत नाही, हे मला मोठ्याने म्हणायचं होतं; पण समोरचा माणूस आधीच पडलेला असताना वरून पाय ठेवायला माझं मन होईना.

डॉक्टर मात्र पडल्या पडल्याच सावरले. "उपाय सोपा आहे. ओळीची दोन बिटं काढून अक्षराला देऊ. मग कितीही लांब ओळ..." त्याने फार तर चार हजार अक्षरं मावली असती, आणि तक्ता लाखोंचा.

"पुरे, त्सेंग," फांगबाई म्हणाल्या. "श्यू-लिएन, तुम्ही सांगा."

"मी माझ्याच जागेवर राहते. माझा भाग माझ्याकडे. आणि पत्ता मी लिहिणार, पहिल्यापासून."

"लिहा."

"मीही तेच सुचवणार होतो," डॉक्टर म्हणाले.

तिने पत्ता लिहिला. एकच आकडा, एकच रस्ता. पडद्यावरची नावं खऱ्या चुकांची दिसू लागली, त्यात च्यूचं बरंचदा.

काही दिवसांनी डॉक्टर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आकड्यावरून ओळ नेमकी कशी शोधता, ते जरा बघायचं होतं. ती एक शब्दही टाकून बोलली नाही. तिने शेजारची खुर्ची ओढून दिली आणि अगदी मुळापासून समजावून सांगायला लागली. डॉक्टर मान डोलवत होते, मधूनच "बरोबर, बरोबर" म्हणत होते. चेहरा असा, की परीक्षा तेच घेतायत आणि ही पोरगी बऱ्यापैकी पास होतेय. पण डोळे उघडे होते.