बारा टनांची पाटी

ऑफिसात सगळे त्याला ‘दुर्बीण’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. पूल तपासायचा म्हणजे शिडी लावून खाली उतरायचं, हातोडीनं एकेक तुळई ठोकून आवाज ऐकायचा आणि मग शून्य ते नऊमधला एक आकडा द्यायचा. नऊ म्हणजे कोरा करकरीत, शून्य म्हणजे बंद. हा गडी काठावर गाडी उभी करायचा, दुर्बीण डोळ्यांना लावायचा आणि आकडा ठोकून द्यायचा. खाली चिखल असतो, बूट खराब होतात. वीस वर्षांत एकही पूल पडला नव्हता, मग विचारतंय कोण?

नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाला त्यानं गेल्या वर्षी सातावरून चारावर आणलं. दुसऱ्या तुळईवर तपकिरी ओघळ दिसला होता. गंज असेल, नसेल. उद्या अंगाशी यायला नको म्हणून आकडा कमी दिलेला बरा. चार आकडा आला म्हणून पुलाच्या तोंडाशी बारा टनांची पाटी आली. आगीचा बंब भरलेला अठरा टनांचा, पाणी ओतून दिलं तरी चौदाचा. त्याला पलीकडे जायचं तर सव्वीस किलोमीटरचा वळसा.

बंब चालवायचा याचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सहा महिन्यांपूर्वी सुताराच्या कारखान्याला आग लागली तेव्हा त्यानं पाटीकडे ढुंकूनही न बघता बंब पुलावर घातला आणि दोन माणसं जिवंत बाहेर काढली. दुर्बिणीनं दुसऱ्याच दिवशी त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिला.

“अहो, तो माझा भाऊ आहे,” बायको म्हणाली.

“नियमाला मेहुणा नसतो.”

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्यानं ते ऑफिसातही दोनदा ऐकवलं. मेहुणा तीन महिने घरी बसला. परत घेताना त्याच्याकडून लिहून घेतलं, की पुन्हा असं केलं तर कायमचा घरी.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मेहुण्याचा फोन आला.

“दाजी, पुलापाशी उभा आहे. पलीकडे आग लागलीय, तिसऱ्या मजल्यावर म्हातारी अडकलीय. जाऊ का?”

“पाटी वाचता येत नाही का तुला? फिरून जा.”

“आधी पत्ता तर ऐका.”

पत्ता याच्या आईचा होता. गुडघ्यांपायी ती वर्षभर जिना उतरली नव्हती. मेहुण्याला हे पहिल्यापासून माहीत होतं, तरी त्यानं आधी ‘फिरून जा’ वदवून घेतलं.

“अरे मग जा ना, उभा काय राहिलास?” त्याचा आवाज चिरकला.

“लेखी द्या. पूल अठरा टन तोलेल, एवढी एक ओळ. मागं चौघं बसलेत दाजी, त्यांनाही बायकापोरं आहेत.”

त्यानं मोबाइलवर ओळ लिहिली आणि अंगठा तिथंच अडकला. पूल तोलेल की नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. एकदा तोलला होता, पण गंज असेल तर त्याच वेळी तुळई अर्धी गेली असेल. शिडी लावून खाली उतरला असता तर आज माहीत असतं. आणि पूल पडला तर विचारतील, कशाच्या आधारावर लिहिलंत? नाही पडला तरी विचारतील, मग चार आकडा कशाच्या आधारावर दिलात? आई धुरात होती आणि हा नोकरीचा विचार करत होता. त्याला स्वतःची किळस आली, पण अंगठा काही हलला नाही.

“चार मिनिटं झाली, दाजी.”

“फिरून जा,” तो म्हणाला.

बंब पोचला तेव्हा आई दाराशी मरून पडलेली होती. कडी काढण्यापुरती ती सरपटत आली होती.

शुक्रवारी तो पहिल्यांदा पुलाखाली उतरला. चिखल घोट्यापर्यंत आला. दुसऱ्या तुळईशी जाऊन त्यानं ओल्या फडक्यानं तो तपकिरी ओघळ पुसला. पुसला, तर निघाला. वरच्या नळीतून गळणाऱ्या गढूळ पाण्याचा डाग होता तो. खाली रंग शाबूत, लोखंड ठणठणीत. हातोडी मारली तर खणखणीत आवाज आला.

कोणी बोलावलं नसताना मेहुणा वर कठड्याला टेकून उभा होता. चार दिवसांची दाढी, डोळे सुजलेले.

“दाजी, मी लेखी मागायला नको होतं. मनात राग होता माझ्या.” मग त्यानं भीत भीत विचारलं, “पूल तोलला असता का हो?”

खालून त्यानं मेहुण्याकडे बघितलं. खरं काय ते आता दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

“सहज तोलला असता,” तो म्हणाला. “मी ओळ लिहीतच होतो, तू मिनिटं मोजायला लागलास म्हणून फिरून जा म्हणालो. मागच्या वेळी मला विचारायला आला होतास का? मग माझ्याच आईच्या वेळी बरा तुला नियम आठवला.”

मेहुणा मटकन खाली बसला आणि कठड्याला डोकं लावून रडायला लागला.

त्यानं नदीत हात धुतले, बुटांचा चिखल खरवडला आणि वहीत सात आकडा लिहिला. चार दिवसांत त्याला पहिल्यांदाच भूक लागली होती.