ओढ्यापलीकडची सुट्टी

डेअरीच्या दारात सकाळी सकाळी भांडण जुंपलं होतं. कारण काय, तर मावशीची किटली कुणीतरी पुढच्या गोलातून उचलून मागच्या गोलात ठेवली होती.

हे गोलांचं प्रकरण नवंच. साथ पुन्हा वाढतेय, सुट्टीत गर्दी करू नका, अंतर ठेवून उभे राहा, असा वरून हुकूम आला होता. मग दूध मोजणाऱ्या माप्याने डेअरीच्या दारापासून रस्त्यापर्यंत चुन्याने लांब लांब अंतरावर गोल आखले. हुकूम मोडायची गावाची छाती नव्हती, आणि गोलात ताटकळत उभं राहायची हौसही नव्हती. लोकांनी अक्कल लढवली. गोलात किटल्या ठेवल्या आणि आपण समोरच्या झाडाखाली मांडीला मांडी लावून बसले, तंबाखूची एकच डबी सगळ्यांत फिरवत. किटल्या मात्र एकमेकींपासून अशा फटकून उभ्या, जणू जावाजावांचं वाजलंय. साहेब आला, गोलांचा फोटो काढला आणि गावाला शाबासकी देऊन गेला.

मावशीने किटली परत पुढे आणून ठेवली आणि ती हलवणाऱ्याचा यथेच्छ उद्धार केला. तोंडाची ती फाटकीच, पण त्या दिवशी तिला खरंच घाई होती. लेक सुट्टीला यायची होती आणि घर झाडायचं राहिलं होतं.

लेक शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. मागच्या साथीत तिचं बाळंतपण झालं, तेव्हा सगळंच बंद. मावशीने नात पाहिली ती फोनच्या काचेत. मुके घेऊन घेऊन काच चिकट झाली, पण पोर हाताला जड लागते का हलकी, हे काही काचेतून कळत नाही. आता ती चालायला लागली होती. या सुट्टीत तिला एकदा पोटाशी धरायचं, एवढंच मावशीला हवं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

संध्याकाळी सरपंचाने बैठक घेतली. गर्दीला बंदी कशी घालायची हे ठरवायला अख्खा गाव एका खोलीत जमला. जागा पुरेना तेव्हा माणसं खिडक्यांत चढली. कुणी म्हणालं, रोगबिग सगळं थोतांड आहे. कुणी म्हणालं, रोग आहे, पण उन्हातान्हात राबणाऱ्याला तो धरत नाही. कुणी सुट्टीतले नियम करणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की रोग येतो तो शहरातून. त्यावर सरपंच उठला आणि म्हणाला, सुट्टी संपेपर्यंत बाहेरचं माणूस गावात घ्यायचं नाही, ओढ्यावरच्या पुलावर बैलगाडी आडवी लावायची, आणि बाहेरच्याला जो शिवेल तोही बाहेरचाच. पटत असेल त्यांनी हात वर करा.

सगळ्यात आधी हात वर गेला मावशीचा. तिला वाटलं, बाहेरचे म्हणजे ते गाड्या घेऊन हवा खायला येणारे उपटसुंभ. पोटची लेक बाहेरची असते, हे तिच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

लेक आली ती भर दुपारी, कडेवर पोर आणि खांद्याला पिशवी घेऊन. पुलावर गाडी आडवी, गाडीवर काटेरी फांद्या आणि फांद्यांच्या मागे सरपंच. लेकीने कागद दाखवला. कारखान्याने तपासूनच तिला सुट्टी दिली होती, अंगात काही नाही असं त्यावर लिहिलेलं होतं. सरपंच म्हणाला, शहराचा कागद शहरात चालतो. आली तशी परत जा.

मावशी धापा टाकत पुलावर पोचली. काट्यांच्या पलीकडे नात उभी होती, आईचा पदर धरून, आणि या आरडाओरडा करणाऱ्या म्हातारीकडे टकामका बघत होती.

"अरे, माझी लेक आहे ती," ती म्हणाली.

"मावशी, पहिला हात तूच वर केला होतास," सरपंच म्हणाला.

हात तर वर गेलाच होता. पण तिचा गोठा आणि शेताचा तुकडा होता ओढ्याच्या पलीकडे. रोज धारा काढायला ती पूल ओलांडायचीच. ती घरी गेली, वळकटी बांधली, चार भांडी घेतली आणि पुलावर परत आली.

"ती माझ्या गोठ्यात राहील, आणि मीही. तुझ्या गावात नाही पाय ठेवत. सरक बाजूला."

"गेलीस की परत यायचं नाही. आणि तुझं दूधही डेअरीला चालणार नाही."

"नाही तर नाही. माझी नात पिईल."

काट्यांनी ओरबाडून घेत ती गाडीच्या कडेने पलीकडे गेली आणि पोरीला उचललं. पोरीने भोकाड पसरलं. मावशी हसतही होती आणि रडतही होती, आणि पोर चांगली जड होती.

गोठ्याला लागून कडब्याची खोली होती, तिथे तिघींनी संसार मांडला. म्हशीचं दूध पिऊन नातीचे गाल वर आले. इकडे गावात सगळं नियमाने चाललं होतं. पुलावर पहारा होता, गोलात किटल्या होत्या. सरपंचाचा मुलगा तेवढा शहरातून शेताच्या वाटेने, मागच्या दाराने घरी आला होता. आपला तो बाब्या! रोज झाडाखाली बसून, आल्यागेल्याच्या खांद्यावर हात टाकून, शहरात साथ कशी वाढलीय ते तो रंगवून सांगायचा. खोकलाही लागला होता त्याला. सगळे म्हणाले, हवा मानवली नसेल.

मग झाडाखालची एकेक जागा रिकामी व्हायला लागली. आधी मुलगा पडला, मग माप्या, मग घरटी एक-दोन माणसं अंथरुणाला खिळली. मेलं कुणी नाही, नशीब गावाचं. आरोग्य खात्याची गाडी आली आणि त्यांनी गावाला दोरी लावली, नेमकी त्या बैलगाडीलाच बांधून. आता आतल्या माणसाने बाहेर पडायचं नाही. डेअरीला कुलूप लागलं.

दुसऱ्या सकाळी तोंडाला फडकं गुंडाळून सरपंच पुलाच्या गावाकडच्या टोकाला उभा राहिला. अडला हरी, दुसरं काय! गोठ्यागोठ्यात म्हशी हंबरत होत्या. कास दगडासारखी होऊन जनावरं तडफडत होती आणि धार काढायला घरात उठेल असं माणूस नव्हतं. मावशीने गावात येऊन तेवढं बघावं, असं त्याचं म्हणणं होतं.

"तुम्ही बाहेरच्या, धडधाकट आहात," तो खोकत म्हणाला.

मावशीच्या जिभेवर शंभर उत्तरं आली. पण म्हशींचा हंबरडा ओढ्यापलीकडेही ऐकू येत होता आणि मुक्या जीवाने कुठे हात वर केला होता? गावात जावं तर नातीजवळ परत येता येणार नाही, हे मात्र तिला पक्कं कळत होतं.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "जनावरं इकडे सोड. माणूस एकही नको."

मग माणसांसाठी न हललेली बैलगाडी म्हशींसाठी हलली. मायलेकी धारा काढून काढून थकल्या. यंत्रावर चालणारी लेकीची बोटं सुजली. दूध न्यायला टँकर आता थेट गोठ्यापाशी येऊ लागला आणि पलीकडून सरपंच आपली म्हैस नीट आहे ना ते लांबून बघून जायचा.

होता होता लेकीची सुट्टी संपली. तिने पिशवी भरली. मावशी सकाळपासून म्हशींवर, बादलीवर, वाऱ्यावर ओरडत होती, कारण रडू येत होतं. तेवढ्यात कारखान्यातून मुकादमाचा फोन आला. लेक ऐकत राहिली आणि खाली बसली.

"आई, तो म्हणतोय, तुमच्या गावात साथ आहे. गाव मोकळं झाल्याशिवाय शहरात यायचं नाही. अगं, मी गावात पाऊल तरी ठेवलंय का?"

"त्याला सांग ना तसं."

"सांगितलं. म्हणाला, गावचे सगळे असंच सांगतात."

लेकीची नोकरी टिकायला हवी होती, मावशीलाही ते मनापासून वाटत होतं. तिने मुकादमाला, साथीला, नियम करणाऱ्याला आणि त्याच्या वाडवडिलांना मोठ्याने शिव्या घातल्या. मग लेकीकडे पाठ केली, कारण तोंडावरचं हसू काही केल्या आवरेना, आणि पिशवीतले नातीचे कपडे एकेक करून परत बाहेर काढायला लागली.