सणापुरती गोळी

सकाळचे पावणेसहा. एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर भेंडी. चार वर्षांचा ओजस चड्डी हातात घेऊन बाथरूमच्या दारात उभा आणि अकरा वर्षांच्या इराची एक वेणी घातलेली, दुसरी मोकळी. पद्माची चाकणच्या कंपनीची बस सव्वासहाला नाशिक फाट्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही. कासारवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात रोज एवढ्या अर्ध्या तासात चार डबे, दोन मुलं आणि सासूबाईंचा चहा उरकावा लागे, आणि ते सगळं एकटी पद्माच उरकत असे.

तिचा नवरा सुरेंद्र भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे चहा पीत उभा होता.

"पद्मा, लक्ष्मीपूजन तुझ्या तारखेलाच येतंय. सोमवारपासून गोळी सुरू कर," तो म्हणाला. येताना कोथिंबीर आण म्हणावं, अगदी त्याच सुरात.

सुरेंद्र भोसरीच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होता. कोणता माल कधी निघायचा, कोणती मशीन कधी बंद ठेवायची, हे ठरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तीच हुशारी तो घरातही वापरी. वर्षाचे सगळे सण त्याच्या मोबाइलमध्ये होते आणि त्यांच्याशेजारी बायकोच्या पाळीच्या तारखा. दोन्ही जुळल्या की पाळी पुढे ढकलायच्या गोळीची सूचना तो आठ दिवस आधी देई आणि स्वतःवर खूश होई. बायकोची किती काळजी घेतो आपण, असं त्याला मनापासून वाटे.

"आमी काय तिला भाईर बसवत न्हाई," केसरबाई, म्हणजे सुरेंद्रची आई, शेजारणींना अभिमानाने सांगत. "आमच्या येळेला चार दिवस गोठ्यात काढावं लागायचं. आता गोळी हाय. कुनाला तरास न्हाई."

हे ऐकलं की डोकं तापतं. वर्षाच्या आठ-नऊ साध्या महिन्यांत ह्याच केसरबाई पद्माच्या पाळीकडे डोळेझाक करीत. देवघर स्वयंपाकघरात, त्यांचे गुडघे गेलेले, सुरेंद्रला चहापलीकडे काही येत नाही. पद्माला बाजूला बसवलं तर डबे कोण भरणार? विटाळ आठवे तो फक्त सणाला. म्हणजे देवाला चालत नाही म्हणावं, तर रोज त्याच देवापुढे हीच बाई भाजी चिरते ते कसं चाललं, हा प्रश्न ह्या शिकलेल्या घरात कधी कुणी विचारला नाही. पद्मानेही नाही.

दिवाळीला गोळी झाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. दरवेळी गोळी बंद केली की तीन दिवसांनी असा रक्तस्राव होई, की पद्मा कंपनीत दर तासाला सुपरवायझरकडे बाथरूमला जायची परवानगी मागून मागून शरमून जाई. पायांत गोळे येत, डोकं ठणके. मुलांवर विनाकारण ओरडे आणि मग एकटीच रडे.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शमीम बसे. एकदा पाकीट पुढे सरकवताना तिने ते हातातच धरून ठेवलं.

"भाभी, चिठ्ठी तर तुम्ही कधीच आणत नाही. एवढ्या वेळा घेणं बरं नाही. डॉक्टरला दाखवा ना एकदा."

"घरी सत्यनारायण आहे गं," पद्मा म्हणाली. "हा झाला की दाखवते."

"सगळ्या हेच बोलतात," असं पुटपुटत शमीमने पाकीट सोडलं.

फेब्रुवारीत पद्मा कंपनीत तपासणीच्या टेबलापाशीच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात रक्त तपासलं तर निम्म्याने कमी. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"पद्माताई, आता एकही गोळी नाही. रक्ताची गुठळी झाली तर लेकरं उघडी पडतील तुमची."

त्या रात्री सुरेंद्रने तिला दुधाचा पेला आणून दिला, पाय चेपले. खरंच घाबरला होता तो. पण जरा वेळाने म्हणाला, "गावची जत्रा तेवढी होऊ दे. आईचा नवस आहे. मग बंदच." आणि पद्मा, जिला दिवसभर उभं राहता येत नव्हतं, ती "बरं" म्हणाली. तिचा राग येतो, पण वादाला लागणारी ताकद तिच्यात उरली नव्हती. होकार देऊन झोपता तरी येत होतं.

जत्रेनंतर पुतणीचं लग्न आलं, लग्नात देवक आलं. गोळी चालूच राहिली.

मे महिन्यात इराला पहिल्यांदा पाळी आली. पद्माने तिला जवळ घेऊन नीट समजावलं. घाबरायचं नाही, लपवायचं नाही, हे सगळ्या बायकांना होतं, ह्यात घाण काही नाही. फार छान बोलली. इराने सगळं ऐकून घेतलं. पण आई काय बोलते ह्यापेक्षा आई काय करते, हे ती वर्षभर पाहत आली होती.

गौरी तीन दिवसांवर आल्या. दोन मुखवटे दारातून आत आणायचे. केसरबाई विधवा, त्यांना तो मान नाही, म्हणून एक पद्मा आणे आणि एक इरा. पद्माने शनिवारीच गोळ्या सुरू केल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी फ्रिजवरचा औषधांचा डबा काढला, तर पाकिटात दोन गोळ्या कमी. तिने पुन्हा मोजल्या. मग पाकीट घेऊन ती इरापाशी आली.

"इरा, ह्यातल्या तू घेतल्यास?"

इरा वहीत डोकं घालून बसली होती. "दोनच," ती म्हणाली. "एक काल, एक आज."

"अगं, का?"

"माझी तारीख बुधवारी आहे, गौरीच्या आदल्या दिवशीच. पप्पांच्या मोबाइलमध्ये नाहीये, मी माझी मोजली. मग गौर कोण आणणार?" पोरीचा आवाज रडवेला झाला. "तू पण घेतेस ना मम्मी. तुला तर किती त्रास होतो, तरी घेतेस."

 वर्षभर पद्माला वाटत होतं की आपण सगळं सोसतो ते मुलांची आबाळ होऊ नये म्हणून. आणि मुलीने तिच्याकडून नेमकं सोसणंच उचललं होतं. स्वतःची एवढी चीड तिला कधीच आली नव्हती.

आत केसरबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या मायेनेच म्हणाल्या, "घेऊ दे की पोरीला. तिची लई हौस हाय गौरीची."

 पद्माने डॉक्टरीणबाईंना फोन केला. दोन गोळ्यांनी काही होणार नाही, पण ह्यापुढे नको, असं त्या म्हणाल्या. मग तिने उरलेलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि आपलीही गोळी त्याच क्षणी बंद केली.

गौरी आवाहनाच्या संध्याकाळी दारात रांगोळी, कुंकवाची पावलं. शेजारची पूनम सवाष्ण म्हणून पाय धुवायला तांब्या घेऊन उभी. उंबऱ्याबाहेर मुखवटे घेतलेल्या मायलेकी. पद्मा पाऊल टाकणार, तोच थांबली.

"आई, आत येण्याआधी सांगते. मला सकाळी पाळी आली आहे. इरालाही आली आहे."

केसरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आन् मुखवटा हातात घेतलास? सनाचा इटाळ केलास?"

"पद्मा, हळू. लोक ऐकतील," सुरेंद्र म्हणाला.

"ऐकू देत. म्हणून तर दारात सांगते आहे." मुखवटा तिने घट्ट धरला होता. "आई, तुम्ही विधवा म्हणून चालत नाही. मी आणि इरा अशा म्हणून चालत नाही. तिघी बायका आहोत ह्या घरात. मग गौर आणायची तरी कुणी? ह्यांनी मोबाइलमध्ये बघून सांगावं."

सुरेंद्रने मोबाइल खिशात सारला. केसरबाई आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसल्या.

पूनमने एकदा आत पाहिलं, एकदा जिन्याकडे. मग वाकून तिने दोघींच्या पायांवर पाणी घातलं. "वहिनी," ती अगदी हळू म्हणाली, "मी पण शुक्रवारपासून गोळीवरच आहे."

 पद्माने एका हाताने मुखवटा सावरत दुसरा पूनमच्या खांद्यावर ठेवला.

"मम्मी," इराने विचारलं, "जायचं ना आत?"

"हो," पद्मा म्हणाली. "उजवा पाय आधी टाक."