नळीची बाटली

पद्माताईंनी तान्ह्यांना दूध पाजायची जुनी काचेची बाटली उचलली आणि त्याच वेळी बाळाला छातीशी बांधलेल्या झोळीत घेऊन मिताली स्वयंपाकघरात शिरली. सून अशी न सांगता येईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. समोर पाहुण्यांचा घोळका, त्यामुळे थांबताही येईना.

शहराच्या जुन्या वस्तीतल्या, सरी हिल्सच्या गल्लीतलं हे दीडशे वर्षांपूर्वीचं घर आता लोकांना बघायला उघडं होतं. ते दाखवायला पद्माताई दर आठवड्याला दूरच्या उपनगरातून, केलीव्हिलहून, मेट्रोने येत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मुलगा, हृषीकेश, चिडवायचा. इथे मेलेल्या मुलांबद्दल मोठ्याने बोलता येतं, घरी येत नाही, हे त्याला कोण सांगणार? संध्याकाळी घर बंद करताना त्यांना वरच्या मजल्यावर बाळ कुरकुरल्याचा भास होई. मग कुलूप लावायला हातच उचलत नसे.

त्यांचा पहिला नातू, शार्दूल, शेवटच्या दिवसांत तसाच बारीक कुरकुरत असे. जन्मल्यावर पद्माताईंनी सोन्याची अंगठी मधात बुडवून त्याच्या ओठांना लावली होती, हृषीकेशला लावली होती तशीच. काही आठवड्यांनी बाळ मलूल झालं, दूध ओढेना. मध चाटवला होता का, असं हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं तेव्हा त्याच हो म्हणाल्या. एवढ्या लहान बाळाला मध बाधू शकतो, हे त्यांना तिथे कळलं. शार्दूल गेला. घरात कोणी त्यांना चकार शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं. आता झोळीतली ही नात, अनन्या, तीन महिन्यांची झाली तरी त्यांनी तिला मांडीवर घेतलं नव्हतं. कधी पाठ दुखे, कधी सर्दी होई.

या बाटलीची रबरी नळी आतून धुताच येत नसे, त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. नळीत दूध नासायचं आणि उन्हाळ्यात गल्लीतली तान्ही मुलं जुलाबाने दगावायची. या घरातलीही दोन गेली.

एका बाईंनी विचारलं, या आया इतक्या अडाणी कशा?

एरवी पद्माताई जंतूंबद्दल पाठ केलेलं चार वाक्यांत सांगत. आज त्यांनी ते सांगितलं नाही. त्या आया बाटली रोज घासतही असतील, त्या म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, आपण बाळाला चांगलंच देतोय.

घोळका जिना चढून गेला. मिताली मात्र खालीच राहिली.

"मला तुमचा खूप राग आला होता, आई."

"अजून आहे?"

"येतो कधीकधी." ती झोळीचा बंद सोडू लागली. "पण बोटातली अंगठी मीच काढून दिली होती ना तुम्हाला? मला तरी कुठे माहीत होतं?"

पद्माताईंना रडू आवरेना.

"घ्या हिला. माझा खांदा दुखतोय."

"हात धुऊन येते," म्हणत त्या मागच्या बेसिनकडे गेल्या. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. मनगटं लाल झाली तरी त्या थांबेनात. शेवटी मितालीने मागून येऊन नळ बंद केला आणि त्यांच्या ओल्याच हातांत बाळ ठेवलं.