मुस्तीपुढे हरणारी बर्फगाडी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही काडीचाही विश्वास ठेवणार नाही. म्हणाल, म्हातारीच्या डोक्यात गंज चढलाय. म्हणा खुशाल! मी एक जुनी बर्फगाडी आहे. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, वर फाटकी सीट, आणि दोरी ओढली की फटफट. शहरातले लोक मला स्नोमोबाइल म्हणतात. त्यांना प्रत्येक गोष्टीला लांबलचक नाव लागतं.

आत्ता माझ्या सीटवर सुन्ना बसली आहे. वय सहा, तोंडात रेनडिअरच्या वाळवलेल्या मांसाचा तुकडा. माझी गोष्ट ऐकायला ती रोज येते. तिच्यासमोर मला जरा जपूनच बोलावं लागतं, कारण गोष्टीच्या शेवटी ती स्वतः हजर होती. पण शेवटाला अजून अवकाश आहे.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. अंगावर लाल रंगाचा शेवटचा हात फिरवताना तिथला रंगारी म्हणाला, "काय देखणी झालीय!" तेवढ्या एका शब्दावर मी कितीतरी हिवाळे काढले. मग मला इथं उत्तरेला आणलं ते योव्नानं. योव्ना म्हणजे आमच्या सामी लोकांच्या मुलखातला रेनडिअर पाळणारा गडी. त्याच्याबरोबर मी सरपण ओढलं, मासे ओढले, नटलेली नवरी चर्चपर्यंत पोचवली, दमलेली पाडसं आईसारखी पोटाशी घेऊन आणली. एकदा दाट धुक्यात आम्ही एका डोंगराभोवती दिवसभर फिरत होतो. संध्याकाळी मला पुढे एक लाल दिवा दिसला. बघते तर माझाच मागचा दिवा! मी नम्रपणे बाजूनं पुढे निघाले. स्वतःलाच मागे टाकणारी दुसरी गाडी तुम्ही पाहिली असेल तर सांगा.

सुन्ना म्हणाली, "हं." आणि चघळत राहिली.

योव्ना मला नवीकोरी असल्यापासून 'म्हातारे' म्हणायचा. काम संपलं की बॉनेटवर थोपटायचा, "शाब्बास, म्हातारे." पुढे त्याचे गुडघे गेले. तो लेकीकडे राहायला गेला, जिन्याच्या वर. मला काही जिना चढता आला नाही. मी नीलासच्या आवारात आले.

नीलास जुन्या गाड्या विकायचा. त्यानं माझा पुढचा दिवा काढून दुसरीला लावला. त्या भोकात एका पाखरानं घरटं केलं. उन्हाळ्यात डास आले आणि माझ्या टाकीतलं पेट्रोल पिऊन गेले. खरंच सांगते, तळ्यावरून फटफट करत उडाले! सीट फाटली, रंग उडाला, कोणी ढुंकून बघेना. शेवटी एका वसंतात नीलास कॉफी पीत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "ईस्टरपर्यंत तुला कोणी नेलं नाही, तर तुझे तुकडे करून विकतो."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण मलाही हुडहुडी भरली.

ईस्टरच्या आधी, पागोळ्या गळत असताना, एक कुटुंब आलं. आन्ते नावाचा बाप, त्याची दोन पोरं, नऊ वर्षांचा माहत्ते आणि ही सुन्ना, आन्तेची आई बिगाआजी आणि मुस्ती नावाचा काळा कुत्रा. पोरांची आई रिस्तेन घरातली एकुलती एक गाडी घेऊन रेनडिअरच्या कळपाबरोबर होती, तळ्यापलीकडच्या तळावर. ईस्टरला सगळ्यांना तिच्याकडे जायचं होतं. त्यासाठी पोरांना बसवता येईल अशी गाडी हवी होती.

आन्ते तडक एका पिवळ्या, चकचकीत गाडीपाशी गेला. "आई, ही बघ! वाऱ्यासारखी पळते म्हणे."

"वाऱ्याला पोरं नसतात," बिगाआजी म्हणाली. तिनं हातमोजा काढला आणि पिवळीच्या बॉनेटवर तळवा ठेवला. "नीलास, हिला ताप आहे की रे."

"उन्हानं तापली असेल, बिगाकाकू."

"ऊन पलीकडे आहे. आम्ही येणार म्हणून सकाळीच चालू करून ठेवलीस हिला. थंडीत उठत नाही ना बाई?"

नीलासनं कॉफीच्या कपात तोंड खुपसलं.

तरी आन्तेनं माहत्तेला पिवळीवर बसवलंच. पोरानं अंगठ्यानं वेगाचा खटका दाबला मात्र, गाडी सूं करून बर्फाच्या ढिगात घुसली आणि पोराची टोपी जागच्या जागी हवेत राहिली. माहत्ते बर्फ झटकत, हसत बाहेर आला. "बाबा, अजून एकदा!"

"अजून एकदाही नाही," आजी म्हणाली आणि थेट माझ्याकडे वळली.

"काकू, ते भंगार आहे," नीलास म्हणाला.

आजीनं माझ्यावर तळवा ठेवला. "थंडगार आहे. म्हणजे ही खोटं बोलत नाही."

मित्रांनो, माझ्याबद्दल असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मला इतकं भरून आलं, की आन्तेनं दोरी ओढली तेव्हा मी चालूच झाले नाही. त्यानं पुन्हा ओढली. घरट्यातलं पाखरू उडालं, मी नाही. "बघ आई, मेलेली आहे ही." नीलासनं खिशातला पाना काढलासुद्धा. आता संपलं, मला वाटलं.

तेवढ्यात ही सुन्ना पुढे आली. माझ्या बॉनेटवर थोपटून म्हणाली, "ऊठ ना, म्हातारे!"

ते नाव हिला कुणी सांगितलं, देव जाणे. आन्तेनं दोरी ओढली आणि मी अशी गर्जले, की काळ्या धुराचा लोट थेट नीलासच्या कॉफीत गेला.

माहत्ते माझ्यावर बसला. पूर्ण खटका दाबला. मी आपली गदगदत निघाले. मुस्ती पुढे धावला, थांबला, बसला, कान खाजवला, आम्ही जवळ आलो तसा पुन्हा धावला.

"आजी, ही तर मुस्तीपेक्षाही हळू आहे!"

"मग हीच घ्यायची."

"आई, लोक हसतील गं," आन्ते कुरकुरला.

"हसू देत की. आपलं काय जातंय? कुत्रा पुढे धावला तर वाट कशी आहे ते आधी त्याला कळतं. कुत्र्याला मागे टाकलं तर काय आपल्याला वास येणारे?"

मुस्तीनंही मत दिलं. तो उडी मारून सीटवर चढला आणि उतरेचना. नीलास ओशाळून म्हणाला, "काकू, आधीच सांगतो. जुन्या बनावटीची आहे. हिला मागे जाता येत नाही."

"मलाही येत नाही," आजी म्हणाली. "पुढचं सांग."

पुढचं एवढंच होतं, की चालवणारा पडला तर गाडी आपोआप बंद करणारी दोरी माझ्याकडे नव्हती. आजी बर्फातच बसली, बुटाला गुंडाळलेली लाल-निळी विणलेली नाडी तिनं सोडली आणि नीलासला कामाला लावलं. नाडीचं एक टोक माझ्या बंद करायच्या बटणाला, दुसरं सुन्नाच्या कमरेला. पोर पडलं की नाडी ओढली जाणार, मी गप्प होणार. बुटात बर्फ जात होता, पण आजी घरापर्यंत गात गेली.

माझी सीट शिवली गेली. नवा दिवा आला. पाखराचं घरटं बर्चच्या झाडावर हलवलं. मित्रांनो, तुम्हीही कधी जुनं काही घ्यायला गेलात, तर चकाकीला भुलू नका. हात ठेवून बघा. आणि घेतलंत तर थोपटायला विसरू नका. आम्हाला तेलाइतकीच त्याचीही गरज असते.

आता शेवट. ईस्टरला आम्ही तळ्यावरून निघालो. माझ्यावर आन्ते, त्याच्यापुढे सुन्ना, मागच्या लाकडी घसरगाडीत कातड्यांवर आजी आणि माहत्ते, आजीच्या मांडीवर कॉफीची किटली आणि चीज. सगळ्यांच्या पुढे मुस्ती. मध्यावर आलो आणि मुस्ती एकदम थांबून भुंकू लागला. पुढचा बर्फ करडा दिसत होता. वरच्या थराखाली पाणी! डावीकडे तेच, उजवीकडे तेच. वाट फक्त आलो तिथून मागे.

सगळे भेदरले. पण मी? मी एक दीर्घ श्वास घेतला आणि सरळ मागच्या मागे निघाले! घसरगाडीसकट! अशी सुसाट, की आमच्याच खुणा खालून गुंडाळल्या जाऊ लागल्या. अख्खं तळं उलटं पार केलं, घर मागे टाकलं, दुसऱ्या बाजूनं वळसा घेऊन रिस्तेनच्या तळावर उभी राहिले, आणि किटलीतली कॉफी अजून—

"खोटं!" सुन्ना सीटवर उभी राहिली. "तुला मागे जाताच येत नाही! बाबांनी आणि आजीनं तुझ्या स्की धरल्या, मी आणि दादानं शेपूट धरलं, आणि आम्ही तुला उचलून फिरवलं! आणि नाडी माझ्या कमरेला होती. मी खाली उडी मारली तेव्हाच तू बंद पडलीस, म्हातारे!"